थॅलियमचं कार्बाइड होत नाही

तीर्थस्वरूप ताईंना नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहिलं. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरता ना? छोटी बडबडून तुमचं डोकं उठवत असेल तर तिला गप्प बसवा. ती गप्पच असेल तर मात्र मला कळवा. हे पत्र तिला परत मागण्यासाठी नाही. ती तुमच्याकडे नीट जेवते, शाळेतही रुळली आहे, हे फोनवर कळतं. फोन आला की तुम्ही तो तिच्या हातात देता आणि स्वयंपाकघरात जाता, त्यामुळे तुमच्याशी बोलायचं राहून जातं. म्हणून पत्र. पत्र स्वयंपाकघरात नेऊनही वाचता येतं.

जाताना तुम्ही दारात म्हणालात, "हिला मी नेते. तुमच्या घरात विष आहे." मी तेव्हा पलंगाखाली वाकलो होतो. (छोटीचा एक बूट सापडत नव्हता. मुलीचा बूट पलंगाखाली शोधणाऱ्या माणसाला बाणेदार उत्तर देता येत नाही.) त्या दिवशी तुम्ही माझ्या उशीवरचे केस पाहिले होते. मग मला काही विचारलं नाहीत, छोटीचे कपडे बॅगेत भरायला घेतलेत. तुमचा हिशेब सरळ होता. हा माणूस थॅलियमच्या कारखान्यात काम करतो, थॅलियमनं केस जातात, याचे केस चाललेत, आणि आपली बहीण गेली. मी तुमच्या जागी असतो तर छोटीला दुसऱ्या बुटाविनाच नेलं असतं.

या धातूबद्दल थोडं लिहितो. तुम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेल्या माणसाबद्दलही आपण इतकं वाईट बोलत नाही. हा धातू शिशासारखा जड असतो आणि इतका मऊ की सुरीनं कापता येतो. ताजा कापला की चांदीसारखा चमकतो, हवा लागली की लगेच तोंड पाडतो. त्याची ज्योत हिरवी असते, कोवळ्या पालवीसारखी, आणि नावही त्याला पालवीवरूनच मिळालं. त्याच्या क्षारांना चव नाही, वास नाही. या दोन गुणांवर त्यानं सगळी बदनामी कमावली. एके काळी उंदरांसाठी तो वापरत, आणि नको असलेले केस काढायच्या मलमातही. (मलम लावणाऱ्यांचे हवे असलेलेही गेले.) आमच्याकडे त्यापासून लालसर स्फटिक वाढवतात. उष्णता पाहणाऱ्या यंत्रांना त्यांच्या खिडक्या बसवतात, कारण साधी काच तसले किरण अडवते आणि हे स्फटिक त्यांना जाऊ देतात. त्यातलं काही घरी येत नाही. कामाचे कपडे, बूट, टोपी तिथंच राहतात. आंघोळ केल्याशिवाय फाटक उघडत नाही. तुमची बहीण म्हणायची, कारखान्यातून नवरा येतो की लाँड्रीतून, तेच कळत नाही.

आता कार्बाइडचं सांगतो, कारण केसांचा गोंधळ तिथूनच सुरू झाला. आमच्या मालकांनी एक ऑर्डर घेतली. गिऱ्हाईक धातू कापायची हत्यारं करतं. त्यांच्या पात्यांना टंगस्टनचं कार्बाइड लावतात, म्हणजे टंगस्टन आणि कार्बन यांचं संयुग, भयंकर कठीण. मालक गिऱ्हाइकाला म्हणाले, टंगस्टन सगळेच देतात, आम्ही थॅलियमचं कार्बाइड देऊ. मी म्हणालो, असं काही नसतं. त्यांनी मला इंटरनेटवरचं एक पान दाखवलं. त्यात थॅलियमच्या कार्बाइडचा रंग होता, काठिण्य होतं, वितळबिंदू होता, कुठकुठल्या उद्योगात वापरतात तेही होतं. सगळे गुणधर्म होते, फक्त पदार्थ नव्हता. मी पुन्हा म्हणालो की थॅलियमचं कार्बनशी जमत नाही. मालक म्हणाले, "जमत नाही म्हणजे? एकत्र ठेवून तर बघा. आमचं लग्न असंच जमलं." यावर रसायनशास्त्रात उत्तर नाही.

मग एकत्र ठेवलं. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच, त्याच्या होडीच्या आकाराच्या भांड्यात थॅलियमचा तुकडा, होडी बंद नळीत, नळी भट्टीत, आणि भट्टी काचेच्या कपाटात. भट्टी आमचे भट्टीमामा सांभाळतात. (ते कुणाचेच मामा नाहीत. डोक्यावर एकही केस नाही आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नाही.) थंड झाल्यावर नळी उघडली तर थॅलियमचा गोळा एकीकडे, ग्रॅफाइट जसंच्या तसं. मालक म्हणाले, आणखी तापवा. आणखी तापवलं. या वेळी थॅलियम होडीतून उठून गेलं होतं आणि नळीच्या थंड टोकाला करडी साय होऊन बसलं होतं. मालक नळीत डोकावले आणि म्हणाले, "तुमची मनापासून इच्छाच नाही." ते गेल्यावर भट्टीमामा म्हणाले, "यांचं लग्नही उघडून बघायला हवं एकदा. दोन्ही माल सुटे निघतील."

हे चाललेलं असतानाच माझे केस गळायला लागले. कंगव्यात, टोपीत, एकदा तर मालकांच्या टेबलावर, त्याच इंटरनेटच्या कागदावर. मालकांनी आधी केसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खुर्ची मागे सरकवली. दुपारपर्यंत भट्टी बंद झाली. सगळ्यांना रांगेत उभं करून नखं तपासली, कारण थॅलियमनं नखांवर पांढऱ्या रेघा येतात. मालकांना पॅकिंगमधल्या एका बाईंच्या नखावर रेघ दिसली आणि ते ओरडलेच. ती रंगाची निघाली. भट्टीमामांनी टोपी काढून टक्कल पुढे केलं आणि म्हणाले, "साहेब, माझे कधीच गेले, तेव्हा कुणी रांग लावली नाही." मालक म्हणाले, "तुमचे वयानं गेले." मामा म्हणाले, "आणि यांचे तुमच्यापायी?" तेवढ्यावर मालकांनी मला स्वतःच्या गाडीतून इस्पितळात नेलं. काचा खाली केल्या होत्या आणि मला मागे बसवलं होतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या लिहिल्या, आणि निकाल येईपर्यंत खबरदारी म्हणून औषध सुरू केलं. थॅलियमवरचं औषध म्हणजे निळा रंग. खरंच, चित्रकार वापरतात तोच गडद निळा, फक्त कॅप्सूलमध्ये. तो आतड्यात थॅलियमला धरतो आणि घेऊन बाहेर पडतो. त्यानं माणूस कुठून कुठून निळा होतो ते तुम्हाला लिहिता येत नाही. एक कॅप्सूल तोंडातच फुटली. दुसऱ्या दिवशी चौकशीला आलेल्या मालकांना मी हसून दाखवलं तर ते दारातूनच परतले. भट्टीमामा मात्र पलंगावर येऊन बसले. म्हणाले, "बरं झालं. चालती-बोलती दौत झालात. आता घरी एक पत्र लिहून टाका."

तुम्ही त्या दिवसांत फोन केला नाहीत, हे मी मनाला लावून घेतलेलं नाही. छोटीला काही कळू नये म्हणून तसं केलंत, असं मी धरलं आहे.

ताई, एक सांगतो. निकालाची वाट पाहताना माझी इच्छा होती की थॅलियम निघावं. भरपूर निघावं. म्हणजे तुम्ही म्हणालात ते खरं ठरेल, घरातलं विष सापडेल, आणि मी निळ्या गोळ्या घेऊन ते बाहेर काढीन. निघालं नाही. माझ्यात काहीही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तपासणी पुन्हा करायला लावली, पुन्हा काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "मधल्या काळात घरात काही झालं का?" मी म्हणालो, काही नाही. त्या पुढचं लिहू लागल्या. त्यांचं लिहून होत आल्यावर मी म्हणालो, बायको गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अहो, मग हे आधी सांगायचं ना." मोठा धक्का बसला की केस लगेच गळत नाहीत, दोनतीन महिन्यांनी गळतात. शरीराला बातमी उशिरा पोचते. मी विचारलं, यावर गोळी? त्या म्हणाल्या, "यावर नाही. जेवत जा, झोपत जा. येतील परत." मालकांना इतका आनंद झाला की त्यांनी कार्बाइडची ऑर्डर सोडून दिली. "विषबाधा नाही, नुसतं दुःख आहे," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पॅकिंगमधल्या बायका पुन्हा माझ्याबरोबर चहा घेऊ लागल्या.

आता इस्पितळातलं. तुमच्या मनात ते आहे, म्हणून लिहायलाच हवं. तुमच्या बहिणीला तपासायला नेलं तेव्हा आपण दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. आतून कुणीतरी ओरडलं, "थॅलियमच्या पेशंटला घ्या." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तेव्हापासून तुम्ही माझ्याकडे तसंच पाहता. ताई, ते थॅलियम माझं नव्हतं. हृदय तपासायला ते शिरेतून देतात, अगदी कणभर, आणि तेही वेगळ्या जातीचं, स्वतःच किरण टाकून काही दिवसांत संपून जाणारं. शरीर त्याला पोटॅशियम समजून आत घेतं. रक्त जिथं जातं तिथं ते जातं, आणि पडद्यावर तेवढा भाग उजळतो. मला त्यांनी पडदा दाखवला. तिचं हृदय घोड्याच्या नालेसारखं दिसत होतं, आणि एका बाजूला काळोख होता. रक्त तिथं जात नव्हतं. थॅलियम जिथं पोचलं नाही तिथं दुखणं होतं, ताई. मी आयुष्यभर त्या धातूला माणसांपासून दूर ठेवायचं काम केलं. त्या दिवशी पडद्यासमोर उभा राहून म्हणत होतो, जा, तिथपर्यंत जा.

घरी सगळं जागच्या जागी आहे. तुमच्या बहिणीची कपाटातली बाजू मी उघडत नाही. (एकदा उघडली आणि लगेच बंद केली. ते धरत नाही.) स्वयंपाक येऊ लागलाय. पहिल्यांदा केलेला भात भट्टीमामांनी हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाले, "हे द्या गिऱ्हाइकाला. कार्बाइड झालं." केसही परत येऊ लागलेत. काळजी नसावी. छोटीला आशीर्वाद, तुमच्या गुडघ्याला शेक.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. केस परत येऊ लागलेत हे खरं नाही. पत्र शेवटाला आलं होतं म्हणून तसं लिहिलं.

आणखी एक ता. क. हे पत्र छोटीला मागण्यासाठी नाही असं वर लिहिलं आहे. आता वाचून पाहिलं तर त्यात दुसरं काहीच नाही. तिला पाठवा. माझ्यात काही निघालं नाही, तिच्यात निघणार नाही, हवं तर तिचीही तपासणी करून घ्या, मी बरोबर येतो. इतकं करूनही तुम्हाला झोप येणार नसेल तर कारखाना सोडतो. दुसरं काम अजून पाहिलेलं नाही, पण तुम्ही म्हणालात की पाहीन. फक्त म्हणा. फोन छोटीच्या हातात देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका.

शेवटचं. छोटी काल फोनवर हळू आवाजात बोलत होती. मावशी न्हाऊन आली की मोरीच्या जाळीत केसांचा गुंता अडकतो, आणि मावशी तो घाईघाईनं कागदात गुंडाळून टाकते, म्हणाली. तुमच्या घरात थॅलियम नाही, ताई. एकटीला पाठवू नका, दोघी या. पलंग तुम्हा दोघींचा, मी बाहेरच्या खोलीत पडेन. मला जे कुणाशी बोलता येत नाही ते तुम्हालाही कुणाशी बोलता येत नसणार, आणि तुम्ही तर तिला माझ्याआधीपासून ओळखत होता. छोटीनं स्वतःची बॅग भरून ठेवली आहे. त्यात तुमचाही एक स्वेटर घातलाय. मावशीला सांगू नका म्हणाली होती.