निळ्या कागदातून गाळलेले नमुने

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? माझी तब्येत ठीक आहे, जेवतोही (दिवसातून एकदा तरी पोटभर). नोकरी सोडून कायमचं तुझ्याकडे यायचं की नाही, ते महिनाअखेरीपर्यंत कळव, असं तू बजावलं होतंस. तेच कळवायला बसलो आहे, पण आधी मंगळवारचा माझा पराक्रम ऐक.

ही गेल्यापासून, म्हणजे चार महिने, प्रयोगशाळेत सगळे माझ्याशी आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे हळू बोलतात. साहेबांनी कामही सोपं दिलं : खोकल्याच्या औषधाचे नमुने यंत्रात घालण्याआधी कोणत्या फिल्टरमधून गाळायचे, ते ठरवा. (यंत्राची नळी केसाएवढी, बारीकसा कण गेला तरी तुंबते.) दोन दिवस खपलो. एक फिल्टर आमच्या द्रावकात चक्क विरघळला, दुसऱ्याने निम्मं औषध स्वतःकडेच ठेवून घेतलं, तिसरा चोख निघाला. त्याचा नवा डबा उघडला. फिल्टर म्हणजे पातळ पांढऱ्या चकत्या. त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये निळ्या कागदाच्या चकत्या घातलेल्या असतात, त्या फेकायच्या. मी पांढऱ्या फेकल्या. वीस वर्षं हेच काम करतोय, ताई! बारा नमुने निळ्या कागदातून गाळले, वर ‘काय झरझर उतरतंय’ म्हणून स्वतःच्या निवडीवर खूशही झालो.

यंत्र तुंबलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कचऱ्याच्या डब्यात पांढऱ्या चकत्या दिसल्या. त्या कुजबुजल्या, “असू दे हो, होतं असं.” तेवढ्यात साहेब आले, डब्यात डोकावले आणि कडाडले, “अहो, डोळे घरी विसरलात काय? वीस वर्षं इथे काय गवत उपटत होतात?” आणि मला हसू फुटलं, ते थांबेचना. मग बाई हसल्या, शेवटी साहेबही (ओरडणं चालू ठेवून). माझ्यावर इतक्या हक्काने ओरडणारं माणूस गेल्यापासून कोणी आवाज चढवला नव्हता. साहेबांचे आभार कसे मानावेत कळेना, म्हणून नळी साफ केली आणि बाराही नमुने पुन्हा गाळले. आकडे अचूक आले.

तू महिनाभर येऊन राहिलीस, मला हाताला धरून कामावर धाडलंस, म्हणून ही बोलणी माझ्या नशिबी आली. तुझे उपकार मोठे आहेत.

तुझा धाकटा

ता. क. तेव्हा नोकरी सोडत नाही. माझ्यासाठी रिकामी केलेली खोली भाऊजींना परत दे.

आणखी एक. यावर रागावणार असशील तर पत्रातून नको, इथे येऊन रागाव. शनिवारीच ये. रविवारी प्रयोगशाळा बंद असते, आणि तेवढा एक दिवस मला अजून जमत नाही.