ताटापुढची नावे

सक्करदरा, नागपूर
१२ मार्च २०२५

प्रिय चि. मुग्धा,

प्रभूची शांती तुझ्या घरावर असो. अंकितरावांनाही माझा आशीर्वाद सांग.

माझी प्रकृती बरी आहे. ऊन तापू लागल्याने रविवारची उपासना आता लवकर सुरू होते. तुझ्या वडिलांच्या कबरेवरची माती बसली की क्रूस उभारू. मंडळीत पेटीवर मी अजून बसतो. परंतु माझ्या उजवीकडचे बाक हल्ली फार सुरात गाते, आणि ते मला सोसवत नाही. तिथे बसणारा तुझा बाबा, प्रेमानंद, आयुष्यभर बेसूर गायला. मी टोकले की म्हणे, "सूर तुह्या पेटीत राहू दे गा सुशील. मी देवाले ऐकवून राहिलो, तुले नाही."

दफनाच्या दिवशी फाटकाजवळ तू विचारलेस, "काका, बाबांनी शेवटी माझं नाव घेतलं का?" मी म्हणालो, तो शांतपणे गेला. ते खरे होते, पण उत्तर नव्हते. उत्तराचा अर्धा भाग तुला दुखवील, म्हणून मी थबकलो.

तुमच्या घरचे जेवणाआधीचे उपकारस्तुतीचे गाणे तुझ्या आईने बांधलेले. त्याच्या शेवटी ताटावर बसलेल्यांची आणि दूर असलेल्यांचीही नावे घ्यायची. ती निवर्तल्यावरही प्रेमानंदाने तिचे नाव गाळले नाही. "दूर गेली, येवढंच," म्हणे.

त्याच्या मनाविरुद्ध झालेल्या तुझ्या लग्नानंतर मात्र त्याने तुझे नाव घेणे सोडले. बाळ, हेच मला लिहायचे नव्हते. रविवारी मी त्याच्याकडे जेवत असे. तुझ्या नावापाशी तो थांबे, मग पुढे जाई. ती जागा त्याने कधी बुजवली नाही.

पक्षाघाताने त्याची वाचा गेली. डोळे ओळखत, जीभ वळत नसे. शेवटच्या संध्याकाळी मी इस्पितळात काटोलची संत्री नेली होती. रीना नावाच्या परिचारिकेने रसाचा चमचा ओठांशी धरला. त्याने तोंड फिरवले, डोळे मिटले, आणि तो गाऊ लागला. तेच गाणे. तसेच बेसूर, शब्द मात्र स्वच्छ.

रीना चमचा धरून उभीच. "आजोबाले बोलता येत नाही, मंग गाऊन कसे राहिले जी?"

नावे आली. तुझी आई. मी. मग ती जागा. मी सवयीने श्वास रोखला. तो थांबला नाही. "मुग्धा," तो गायला, आणि पुढे, त्या गाण्यात कधीच नसलेले नाव: "अंकित." मग रसासाठी तोंड उघडले.

डॉक्टर म्हणाले, बोलण्याचे आणि गाण्याचे ठिकाण मेंदूत वेगळे असते. जुने गाणे सवयीने येते. मी मानतो. परंतु अंकितरावांचे नाव कोणत्या सवयीने आले? बायबलातल्या मुक्या झालेल्या जखऱ्या याजकाची जीभ लेकराच्या नावापाशी मोकळी झाली, हे मी मंडळीत कितीदा समजावून सांगितले. पाहिले मात्र त्या खाटेशेजारी. माझ्या पायांतल्या चपला मी केव्हा काढल्या, मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

येत्या रविवारी तुम्ही दोघे माझ्याकडे जेवायला या. गाणे मी म्हणेन. त्यात प्रेमानंदाचेही नाव असेल. दूर गेला, येवढंच.

तुमची ताटे मांडून बसलेला,
सुशीलकाका