वीस मार्चचा मसुदा

दि. ३ फेब्रुवारी

चि. संपादकमहाराजांस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ब्लॉगवरचा परवाचा लेख शाळेच्या ग्रंथालयात छापून घेतला, भोकं पाडून फाइलला लावला आणि मग वाचला. दोन पानं भरून विषय काय, तर की-बोर्डच्या कळा साबणाच्या पाण्यात किती वेळ भिजवाव्यात! वाचता वाचता मीच उठून हात धुऊन आले.

ग्रंथपाल म्हणून मला कुठल्याही लेखकाचा कप्पा ठरवता येतो, तुझा ठरत नाही. फाइलच्या तळाशी नुसतं राजकारण आहे. नगरपालिका, सभापती, ठराव, कुणाचं कुठे चुकलं. मग एकाएकी गोष्टी सुरू झाल्या, आणि प्रत्येक गोष्टीत कुणीतरी काहीतरी सांगायचं ठरवून निघतो आणि न सांगताच परत येतो. मग वर्षभर ‘लिहावं कसं’ यावर लिहिलंस. आता दीड वर्ष झालं, यंत्रं आणि फक्त यंत्रं. चष्म्याच्या दुकानात काचा बदलून बदलून गिऱ्हाइकाला विचारतोस ना, आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं? तसं स्वतःलाही विचारत असावास.

आता थट्टा पुरे. हे येत्या २८ तारखेला निवृत्त होतायत. दुपारी चार वाजता पाणीपुरवठ्याच्या कचेरीत निरोपाचा कार्यक्रम आहे. तू यावंस अशी माझी फार इच्छा आहे. चार वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या वस्तीत तीन दिवस गढूळ पाणी आलं, तेव्हा तू लिहिलंस की नवी वाहिनी सुरू केली त्या दिवशी जबाबदार अभियंता गावातच नव्हता. नाव घातलं नाहीस, पण खात्यात जबाबदार अभियंता एकच होता, आणि तो तुझा भावोजी होता. दोन आठवड्यांत ह्यांना पंपघरातून उचलून नोंदींच्या खोलीत बसवलं. तिथूनच आता निवृत्त होतायत.

माझा राग वर्षभरात निवला, कारण तुझं नाक मी लहानपणापासून पुसत आलेय. ह्यांचं काही कळत नाही. तुझ्याबद्दल वाईट बोलत नाहीत, चांगलंही बोलत नाहीत. तुझा फोन आला की चप्पल घालून अंगणात जातात. कार्यक्रमाआधी येऊन तू दोन शब्द बोललास तर कदाचित काही सुटेल. ह्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस असा अबोल्यात जाऊ नये, एवढंच मला वाटतं.

जगाला स्क्रीनवर लिहितोस, मला कागदावर उत्तर दे. माया आहेच, उत्तर आलं नाही तर थोडी कमी करीन.

तुझी,
ताई

*

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण परीक्षा जवळ आल्या की गावातल्या सगळ्या मुलांचे डोळे एकदम बिघडतात, आणि मी दिवसभर काचा घासत बसतो. मालक म्हणतात की तुमचा हात चांगला आहे, पण तोंड चालू असतं. आता तेही बंद असतं, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

विषय बदलतो म्हणून तू इतकी हात धुऊन मागे लागू नकोस. राजकारणाचा कंटाळा आला, एवढंच. तीच तीच माणसं, तीच तीच भाषणं. गोष्टी लिहून पाहिल्या, जमल्या नाहीत. यंत्रांचं बरं असतं. चूक झाली की ती लगेच सांगतात, कुठे झाली तेही सांगतात, आणि दुरुस्त केली की मागचं काही मनात ठेवत नाहीत. येत्या रविवारी ब्लॉग जुन्या जागेवरून नव्या जागेवर हलवतोय. नऊ वर्षांचं लिखाण, एकूण तीनशे चौदा लेख. दुपारभरात होईल.

भावोजींच्या कार्यक्रमाबद्दल काय लिहू? चार वर्षांत त्यांनी मला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर त्या शब्दाला धरून मी काही बोललो असतो. सगळ्या खात्यासमोर मी तिथे जाऊन बसलो तर त्यांचा दिवस बिघडेल आणि तुझाही. मी येत नाही, हेच बरं. त्यांना माझा नमस्कार सांगावासा वाटला तर सांग, नाहीतर राहू दे.

तब्येतीला जप. पायऱ्या उतरताना पुस्तकांची चळत हनुवटीपर्यंत घेत जाऊ नकोस.

तुझ्या मायेत कपात होऊ नये ही विनंती करणारा,
तुझा धाकटा

*

दि. १६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. (आज एकच.)

तू काय करून ठेवलंस ते तुला ठाऊक आहे का?

काल दुपारी आम्ही चहा घेत होतो. ह्यांचा फोन टेबलावर थरथरायला लागला, तो थांबेचना. थरथरत थरथरत काठाशी आला आणि खाली पडला. उचलून बघतात तर तुझे ई-मेल. एक, दोन, चाळीस, शंभर. नव्या जागेवर गेल्याबरोबर तुझ्या ब्लॉगनं सगळं जुनं लिखाण नवीन समजून यादीतल्या प्रत्येकाला पाठवून दिलं. तेव्हा मला कळलं की हे तुझ्या यादीत आहेत, आणि आजचे नाहीत, पहिल्यापासूनचे. चार वर्षं मी ती फाइल शाळेतल्या कपाटात दडवून ठेवत होते, आणि हे रोज सकाळी दाढी करायच्या आधी तुला वाचत होते. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

पण पुढचं ऐक. ह्यांनी चष्मा लावला आणि सावकाश एकेक पत्र खाली सारत राहिले. अकरा मार्चचा तो लेख आला, तो परत एकदा वाचला. त्याच्या पुढचा लेख वीस मार्चचा होता, नाव ‘दुरुस्ती’. हा कधी वाचला नाही म्हणाले. मला विचारलं की तुझ्या फाइलीत आहे का. म्हणजे फाइलही त्यांना माहीत होती. आज शाळेत जाऊन शोधलं, नाही. तो लेख तू कधी लोकांसमोर आणलाच नव्हतास. कच्चा लिहून ठेवला होतास आणि कालच्या हलवाहलवीत तोही बाकीच्यांबरोबर बाहेर पडला.

त्यात तू लिहिलं आहेस की तू पंपघरात जाऊन तिथली नोंदवही पाहिलीस. अभियंत्याचा स्वतःच्या अक्षरातला शेरा तिथे आहे की नवी वाहिनी धुऊन काढल्याशिवाय सुरू करू नये. खाली वाचल्याची सभापतींची सही आहे. आणि तरी उद्घाटनाची तारीख चुकू नये म्हणून सभापतींनी ती सुरू करायला लावली. शेवटी लिहिलंस, मी लिहिलं ते चुकीचं होतं.

ह्यांनी बोटांवर मोजलं. अकरा ते वीस. नऊ दिवसांत याला कळलं होतं, एवढंच म्हणाले. बदलीचा हुकूम पंचवीस मार्चचा आहे. मला तारखा पाठ राहत नाहीत, ही राहिली आहे. तुझा लेख त्याच्या पाच दिवस आधी तयार होता, आणि तू तो दाबून ठेवलास.

मग हे म्हणाले की त्याला कळव, २८ ला येण्याची तसदी घेऊ नये. मी कळवते आहे. मागच्या पत्रात यायचा आग्रह केला तो मागे घेते. तू चुकलास हे मी कधीच पोटात घातलं होतं. चुकल्याचं माहीत असून गप्प बसलास, हे घालायला मला पोटात जागा सापडत नाही.

लोभाचं काय ते तुझ्या उत्तरानंतर ठरवीन.

ताई

*

दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या वेळी बचाव करत नाही. झालं ते सांगतो.

तो लेख अठ्ठावीस हजार लोकांनी वाचला. तोवर माझं लिखाण तू, दुकानाचे मालक आणि दोन-चार मित्र वाचायचे. त्या आठवड्यात रस्त्यात अनोळखी माणसं थांबून हात मिळवायची. डोळे तपासायला आलेल्या एका बाईंनी दोन्ही हात धरून म्हटलं की तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं. मला ते आवडलं, ताई. फार आवडलं. म्हणून पुढचा भाग लिहायचा ठरवून मी पंपघरात गेलो, आणि तिथे ती वही पाहिली. घरी येऊन ‘दुरुस्ती’ लिहिली. फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं.

आज दाबतो, उद्या दाबतो, असं पाच दिवस केलं. मग भावोजींची बदली झाली. आता दाबून उपयोग काय, असं मनाला सांगितलं. खरं कारण हे की आता दाबलं तर पाच दिवस का थांबलो ते सांगावं लागलं असतं.

त्यानंतर राजकारणावर काही लिहायला बसलो की पानाच्या वर तो मसुदा दिसायचा. म्हणून राजकारण सुटलं. कंटाळा वगैरे काही आला नव्हता, तुला ते खोटं लिहिलं. गोष्टी लिहायला लागलो, कारण तिथे माणसाला हवं तसं वागवता येतं; पण माझी माणसं माझ्यासारखीच निघाली, तू म्हणालीस तशी न सांगताच परत येणारी. ते मला तुझ्या पत्रानंतर दिसलं. मग यंत्रं. यंत्रांवर चुकीचं लिहिलं तर कुणाची खुर्ची जात नाही.

काल मी खुलासा टाकला, कालचीच तारीख आणि माझं पूर्ण नाव घालून. जुना लेख काढला नाही, त्याच्या डोक्यावर खुलासा चिकटवला आहे. वहीतला शेरा, सभापतींची सही, नऊ दिवस, पुढचे पाच दिवस, बदली, सगळं लिहिलं. छापील प्रत सोबत आहे. मूळ लेख अठ्ठावीस हजारांनी वाचला होता. खुलासा आज दुपारपर्यंत एकोणीस जणांनी वाचलाय. सभापतींच्या कचेरीलाही एक प्रत टपालानं पाठवली.

एक गोष्ट मात्र लिहवली नाही. तुला ती ठाऊक आहे. तीन वेळा बसलो, तीनही वेळा उठलो.

मी २८ ला येत नाही. भावोजींनी कळवलं ते योग्यच आहे. हे पत्र त्यांना दाखवावंसं वाटलं तर दाखव.

लोभ मागण्याची सोय मी ठेवलेली नाही, म्हणून मागत नाही.

तुझा,
धाकटा

*

दि. २४ फेब्रुवारी

चि. मेव्हण्यास,
आशीर्वाद.

विषय : दि. १८ च्या खुलाशातील त्रुटी.
संदर्भ : तुझं ताईला आलेलं पत्र.

पस्तीस वर्षं खात्यात काढल्यामुळे मला पत्र असंच लिहिता येतं, तेव्हा हसू नये.

खुलासा दोनदा वाचला. वहीतला शेरा बिनचूक उतरवला आहेस. वाहिनीचा व्यास चुकला आहे, अडीचशे मिलिमीटर नव्हे, तीनशे. तो दुरुस्त करावा.

पहिल्या लेखाचा राग मला चारसहा महिने होता. वही तुला माहीत नव्हती असं धरून तो मी सोडला. नऊ दिवसांचा राग मात्र नवा आहे आणि तो इतक्यात जाईलसं वाटत नाही. नोंदींच्या खोलीत माझे हाल झाले असं ताई सगळ्यांना सांगते, ते तितकं खरं नाही. मी तिथे गावाखालच्या सगळ्या वाहिन्यांचे जुने नकाशे जुळवले, ते काम कुणीतरी करायलाच हवं होतं. पण मला पंपघर आवडायचं. सकाळी आत शिरलं की तळव्यांना पंप चालू असल्याचं कळायचं. शेवटची चार वर्षं मला ती तिथे हवी होती.

तुझा ब्लॉग मी का वाचत होतो, असं ताईनं विचारलं. मी वाट बघत होतो. आज ना उद्या तू लिहिशील असं वाटायचं. गोष्टी लिहायला लागलास तेव्हा प्रत्येक गोष्ट आधी शेवटाकडून वाचायचो. यंत्रांवर आलास तेव्हा आशा सोडली, पण सवय राहिली. की-बोर्ड तुझ्या पद्धतीनं धुतला, चांगला निघाला.

आता त्रुटी. खुलाशात तू म्हणतोस की अभियंता गावात नव्हता हे खरं असलं, तरी लोकांनी त्याचा भलता अर्थ काढला. मी गावात नव्हतो हे खरंच आहे. मी शेजारच्या गावात, तुझ्या नव्या घरी होतो. दोन दिवसांची रजा काढून तुझं पुस्तकांचं कपाट भिंतीला बसवत होतो, कारण तुला भिंतीत सरळ भोक पाडता येत नाही आणि परका माणूस पुस्तकांना हात लावील म्हणून तुला नको होता. मी गावात नसल्याचं तुला कुणाकडून कळलं नव्हतं. तू मला ड्रिल हातात देत होतास. मी गेल्यावर त्याच कपाटापाशी बसून तू तो लेख लिहिलास.

चौकशीत मला विचारलं होतं, त्या दिवशी कुठे होतात. घरगुती काम होतं, एवढंच मी सांगितलं. खरं सांगितलं असतं तर ज्यानं लिहिलं त्याच्याच घरी होतो असं झालं असतं, आणि लोक तुला हसले असते. ते मला नको होतं. जगाला कळलं नाही तरी आपलं काही अडत नाही, अशी मी चार वर्षं माझी समजूत काढली. अडतं. ते एक वाक्य लिही.

कार्यक्रम २८ ला दुपारी चार वाजता आहे. येऊ नकोस म्हणून कळवलं होतं, ते रद्द समजावं. वाक्य लिहून आलास तर पहिल्या रांगेत ताईशेजारी बस. लिहिणं नाहीच झालं तर शेवटच्या रांगेत बस. पण ये.

बाकी लोभ माझ्याकडून होता तेवढाच आहे. वाढवायचं काम तुझ्याकडे देतो.

तुझा,
भावोजी