फायनल वॉर्निंगची तीन शहरांची टूर

२६ ऑगस्ट १९९४, सकाळ

आजपासून रोजनिशी. लीड सिंगरने ठेवलेली बरी. पुढे मुलाखतीत विचारतात तेव्हा काही आठवत नाही.

नाना, म्हणजे माझे वडील, चहा पिताना म्हणाले, जयवंता, ही फायनल वॉर्निंग. दिवाळीपर्यंत काय घालायचा तो धिंगाणा घाल. नंतर विष्णुपंतांच्या खोक्यांच्या कंपनीत जायचं, मी शब्द टाकलाय. मी म्हणालो, लोकांना माझं गाणं हवंय. नाना म्हणाले, असेल. मग घरचा नसलेला एक माणूस दाखव, ज्याला ते दुसऱ्यांदा ऐकायचंय. एक वन्स मोअर आण, विष्णुपंतांना मी स्वतः जाऊन नाही म्हणून सांगतो.

एक. मला हसूच आलं.

फायदा असा झाला की बँडला नाव नव्हतं ते मिळालं. फायनल वॉर्निंग. नानांना कळवलेलं नाही, उगाच श्रेय मागतील.

२ सप्टेंबर, शुक्रवार

शुक्रवारी अंबरनाथची वीज बंद, म्हणून गिरणी बंद, म्हणून रिहर्सल. गिरणी हरिचंद्रच्या मामाची. हरिचंद्र बेस वाजवतो, कारण त्याच्या गिटारच्या दोन तारा तुटल्यात. विठ्ठलवाडी स्टेशनसमोर झेरॉक्सच्या दुकानात असतो. मी त्याचं नाव हॅरी केलंय. तो हाकेला ओ देत नाही, पण सवय होईल.

ड्रमर वाळू. बारवी धरणाच्या वरच्या वाडीतला, बदलापूरच्या केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. एक खरा ड्रम, एक झांज, बाकी ताशा. मी याला फ्यूजन म्हणतो. वाळू याला ताशा म्हणतो.

वीज नसल्यामुळे गिटारचा आवाज आलाच नाही. त्यामुळे चुका झाल्या नाहीत. गाणं माझं स्वतःचं, 'काळोखाचा कोपरा'. विषय शहरी माणसाचा एकटेपणा. आमच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण, त्यामुळे हे गाणं मी बाथरूममध्ये लिहिलं. बाहेरून आई सारखी कडी वाजवत होती. त्या ठोक्यातूनच ठेका सुचला.

बाहेर पडलो तेव्हा तिघेही पांढरेफटक. वाण्याने विचारलं, कोणत्या नाटकात काम करताय.

५ सप्टेंबर

टूर पक्की. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर. थ्री सिटी टूर. हॅरीने पोस्टर झेरॉक्स केलं, त्यात माझा चेहरा पूर्ण काळा आला. गाण्याला साजेसं आहे, तसंच चिकटवलं.

आई म्हणाली, टूर म्हणजे रात्री जेवायला घरी आहेस ना. म्हटलं, हो.

११ सप्टेंबर, अंबरनाथ

सकाळपासून फक्त कोमट पाणी. आवाज जपायचा. (दुपारी एक भजी प्लेट. मग दुसरी. हॅरीने आग्रह केला.)

गणपतीच्या मांडवात लहान मुलांची वेशभूषा आणि महाप्रसाद यांच्या मधला स्लॉट. शेवटच्या नंबरची मुलगी भाजीवाली झाली होती. तिची टोपली स्टेजवरच राहिली. मी त्यातला मुळा पायाने सरकवून सुरुवात केली.

आणि फॅन. पुढच्या दोन रांगा भरून फॅन. मी यातल्या एकालाही ओळखत नाही, हे महत्त्वाचं. टेम्पो करून लांबून आलेली माणसं. मध्यभागी एक म्हातारी, पाय वर घेऊन खुर्चीवरच मांडी घालून बसलेली. पूर्ण गाण्यात तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्यांतली दिसते. शेवटी वाळू ताशावर जे काय अर्धा मिनिट करतो, तेव्हा तिने डोळे उघडले. मग ती पूर्ण रांग उठली आणि ओरडली, वन्स मोअर.

मी अख्खं गाणं पहिल्यापासून पुन्हा गायलो. म्हातारी हाताने खूण करत होती की शेवटचं तेवढंच घ्या. पण कला अशी तुकड्याने देता येत नाही.

नंतर वाळू स्टेजवरून उतरून थेट फॅन लोकांत जाऊन बसला. त्यांची भाकरी खाल्ली. म्हातारीला आत्या म्हणत होता. तो सगळ्यांनाच आत्या, मामा, काका म्हणतो. फॅन हँडल करायला बरा आहे, पण कलाकाराने अंतर ठेवावं, हे मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, बरा दादा.

रात्री नानांना अहवाल दिला. नानांनी एकच विचारलं, कोणाची माणसं? म्हटलं, फॅन. नाना म्हणाले, अरे फॅन, पण कोणाकडची? नाव, गाव? मला माहीत नव्हतं. नाना म्हणाले, मग मी माझ्या कानांनी ऐकेन. उल्हासनगरला येतो.

येऊ दे.

१५ सप्टेंबर, बदलापूर

शिरगावची नवी सोसायटी. चेअरमनबाईंनी स्टेजवर चढताना विचारलं, आरती येते ना. म्हटलं, आम्ही ओरिजिनल करतो. त्या म्हणाल्या, आरती ओरिजिनलच आहे.

सोसायटीची माणसं गॅलरीतून बघत होती, दुसऱ्या कडव्याला बरीचशी आत गेली. टीव्हीवर काहीतरी असणार. पण माझे फॅन हजर. टेम्पो या वेळी जास्त भरलेला, पोरंबाळंही होती. ग्रामीण भागात एवढी भूक आहे याची शहराला कल्पना नाही. वन्स मोअर आला. नेमका ताशानंतर. वाळू वाजवून संपवतो तेव्हाच गाणं संपतं, म्हणून तसं वाटतं.

म्हातारीचं नाव कौसाबाई. तिने आपणहून माझ्या हातात एक भलीमोठी काकडी ठेवली. म्हणाली, खा पोरा. तू मधीच वरडतोस त्या का? कुठं दुखतं का?

शब्द थेट काळजाला भिडल्याशिवाय कोणी असं विचारत नाही. काकडी मी घरी नेली. आईने कोशिंबीर केली. नानांनी दोनदा घेतली.

संकल्प: फॅन क्लब काढायचा. अध्यक्ष मी. कौसाबाईला महिला विभाग.

३० सप्टेंबर, शुक्रवार

वाळू म्हणाला, दादा, नऊ तारखेला मना नाय जमायचा. आमचे सरूचा साखरपुडा हाय. तुमी पन या, वाडीवर सगलीच असतील. सरू म्हणजे त्याची बहीण.

नऊ तारखेला उल्हासनगर. नानांचं उल्हासनगर.

मी समजावलं. बँड म्हणजे कमिटमेंट. तुझी बहीण काय, एकदा ठरलं लग्न की होतंच. तो म्हणाला, वाडीवरल्यांकडं हलद असली की मी वाजवतो, माझ्याकडं काय असला की ती येतात. तसा असतंय, नाय गेलो तर बरा दिसत नाय. मला या गोष्टीचा संबंध कळला नाही. शेवटी स्पष्ट सांगितलं, फॅन गाण्याला येतात, ड्रमर बदलता येतो.

वाळूने ताशा खांद्याला लावला आणि गेला. झांजेचा स्टँडही घेऊन गेला. तो स्टँड हॅरीचा.

हॅरी म्हणाला, तू त्या लोकांना कधी विचारलंस का, कुठून येता? म्हटलं, स्टार असं विचारत फिरत नाही. हॅरी हसला आणि म्हणाला, माझं नाव हरिचंद्र आहे.

६ ऑक्टोबर

नवा ड्रमर मिळाला. रघु. उल्हासनगर कॅम्प चारचा, जीन्सच्या कारखान्यात बटणं लावतो. ठेका एकदम मशीनसारखा. थांबत नाही. थांब म्हटलं तरी थांबत नाही.

९ ऑक्टोबर, उल्हासनगर

सकाळी नानांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. रिक्षात माझ्याबरोबर बसले. वाटेत विचारलं, पाणी घेतलंस का.

नवरात्र मंडळाचे सेक्रेटरी टेकचंद म्हणाले, आओ साईं, बँडवाले आ गये. मग बघून म्हणाले, बाकी के लोग कहाँ, ट्रंपेट कहाँ. त्यांनी बँड म्हणजे लग्नाचा बँड धरला होता. मी समजावलं. ते म्हणाले, ठीक है, लेकिन गरबा तो बजाओगे ना.

पुढच्या दोन रांगा मी राखून ठेवायला सांगितल्या होत्या. फॅनसाठी. मंडळाने दोरी बांधून दिली.

टेम्पो आला नाही. लांबून उल्हासनगरला यायचं म्हणजे डिझेलच केवढं, ते बरोबरच आहे. आणि रस्त्याचं काम. आणि भातकापणी. मी बरीच कारणं काढली, सगळी पटण्यासारखी होती.

दोरीच्या आत एकटे नाना. मधल्या खुर्चीवर, कौसाबाई बसायची तिथे.

गायलो. टिपऱ्या घेतलेल्या पोरी कडेला उभ्या राहून वाट बघत होत्या. रघु कडवं संपलं तरी चालूच. मग माईक बंद झाला. कोणी बंद केला ते कळलं नाही. शेवटच्या दोन ओळी मी तशाच म्हटल्या. मागे एक माणूस म्हणाला, हो गया क्या?

मला वाटलं आपण उतरावं, पण मी माईकची वायर गुंडाळत राहिलो.

नानांनी घसा साफ केला. खुर्चीतून अर्धवट उठले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, वन्स मोअर.

घरचा धरायचा नाही. नियम त्यांचाच आहे.

परत येताना रिक्षात नानांनी पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. मला रडू आलं, धुरामुळे. रिक्षा रॉकेलवर चालत असणार.

१० ऑक्टोबर

टूर एकूण यशस्वी. तिन्ही शहरं झाली.

७ नोव्हेंबर, सोमवार

खोक्यांची कंपनी, पहिला दिवस. हा तात्पुरता डे जॉब. मोठमोठ्या गायकांनी केलेत. मी खोक्यांवर 'वरची बाजू' असा शिक्का मारतो. विष्णुपंत म्हणाले, बाण उलटा मारतोयस.

संकल्प: जेवणाच्या सुट्टीत नवीन गाणं. (झोप लागली.)

२४ नोव्हेंबर

कंपनीबाहेरच्या चहाच्या टपरीवर वाळू भेटला. त्याची शिफ्ट सुटली होती, केमिकल कंपनी पलीकडेच आहे. मी दुसरीकडे बघितलं, तर तो त्या बाजूला येऊन उभा राहिला. म्हणाला, दादा, रविवारी सरूची हलद हाय. या. मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. चहा त्यानेच पाजला.

जाणार नाही.

२६ नोव्हेंबर

जाणार आहे, पण फक्त हॅरीचा झांजेचा स्टँड परत आणायला. स्टँड घेऊन पाच मिनिटांत निघायचं. आई म्हणाली, लग्नघरी रिकाम्या हाताने जाऊ नकोस, आणि डब्यात लाडू भरले. हरिचंद्रही येतो म्हणाला.

२७ नोव्हेंबर, वाडी

माझे सगळे फॅन इथेच राहतात.

पहिल्या रांगेत एक उंच माणूस असायचा, तो वाळूचा मामा, भीमा. त्याच्या शेजारी टाळ्या वाजवायच्या त्या दोघी, वाळूच्या चुलत बहिणी. पोरंबाळं, भाचरं. टेम्पो घराच्या मागे उभा होता. कौसाबाई खरंच आत्या. मी एकेकाकडे बघत उभा होतो. सगळे कामात. कोणी पाणी भरतंय, कोणी मांडवाला आंब्याचे टहाळे बांधतंय. वाळू काही फार मोठा ड्रमर नाही, हे मी आजही म्हणेन. पण या वाडीतल्या एकेका हळदीला तो वाजवून आलाय. माझ्या घरी मी कोणाच्या मुंजीलाही थांबत नाही.

जेवायला बसवलं. मी म्हटलं, घाईत आहे. कौसाबाईने ऐकलं नाही. वाढताना विचारलं, तू त्यो वरडनारा ना? आता बरा हाय का? म्हटलं, आता बरं आहे.

वाळूने मला गायला उभं केलं. 'काळोखाचा कोपरा', दोन कडवी. सगळे शांत बसून राहिले, पाहुण्याचा मान ठेवतात तसे. संपल्यावर एका पोराने विचारलं, आता वाळूदादा वाजवल ना?

मग वाळूच्या बेंजो पार्टीने सुरू केलं. बेंजो वाजवणारा त्याच्याच कंपनीतला, ताशा वाळूचा. सरू हळद लागलेली, पिवळीजर्द, तशीच नाचायला उठली. हरिचंद्र केव्हाच आत घुसला होता. वाळूने शेवटी ते अर्धा मिनिटाचं जे काय करतो ते केलं आणि थांबला.

मांडवाच्या मागच्या बाजूने, मी उभा होतो तिथूनच, कोणीतरी जोरात ओरडलं, वन्स मोअर. मग परत. मग परत. पुढचे सगळे वळून मागे बघायला लागले. माझ्या शेजारचे एक आजोबा, मुलाकडचे असावेत, मला म्हणाले, कोनाकडचा रं तू?

म्हटलं, वाळूकडचा.

२८ नोव्हेंबर, सकाळ

झांजेचा स्टँड तिथेच विसरलो.

घसा पार बसलाय. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालल्यात. नानांनी पेपर खाली ठेवून विचारलं, एवढं गायलास काल? मानेनेच नाही म्हटलं. ते म्हणाले, मग?

कसाबसा आवाज काढून सांगितलं, ऐकायला गेलो होतो.