टॉवेल घेतलेली माणसं

शुक्र., ९ जाने.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली. सत्तावीस, मंगळवार, सकाळी. मीनलनं मेल पुढं पाठवला आणि लगेच फोन केला. 'दत्ता, आली रे!' एवढंच बोलली. लग्नाला दोन वर्षं होतील, पण एकत्र राहिलो ते दिवस जोडून जोडून तीन महिनेसुद्धा भरायचे नाहीत. ती तिकडं ओहायोत औषधांच्या दुकानात, मी इकडं कतारात, अल रय्यानमध्ये लोकांचे एसी दुरुस्त करत. आता दूतावासातल्या साहेबाला पटलं की हे लग्न खरं आहे, तर ग्रीन कार्ड आणि एका घरात संसार. नाही पटलं तर... जाऊ दे, लिहीत नाही.

गुणाभाईंना सांगितलं. आम्ही दोघं या खोलीत सहा वर्षं आहोत. ते शाळेची बस चालवतात, मूळचे मालवणकडचे. म्हणाले, 'गोड काय नाय घरात, ह्याच पी,' आणि वाटीभर सोलकढी पुढं केली. लय भारी झाली होती.

रवि., ११ जाने.

थंडीत आमच्या कामाला जोर नसतो. फिल्टर धुवा, कॉइल धुवा, चला. आज नेमकं अल दुहैलच्या त्याच कंपाउंडमध्ये पाठवलं, जिथं मीनल इथं कॉन्ट्रॅक्टवर नोकरीला असताना राहायची. तोच जिना, तोच वॉचमन. 'मॅडम कैसी है?' म्हणाला. म्हटलं, मजेत.

तिची माझी पहिली भेट म्हणजे भांडण. तिच्या एसीतून पाणी गळत होतं आणि मी तिसऱ्यांदा आलो होतो. अर्धा तास हिंदीत माझी खरडपट्टी काढली. मग आईचा फोन आला तर म्हणते, 'अगं, तोच आलाय परत, काही येत नाही त्याला.' मी शिडीवरून म्हटलं, 'येतं हो ताई, तुमच्या ड्रेनच्या पाइपाला उतारच दिला नाही कुणी, मी काय करू?' तिचा चेहरा बघायला हवा होता. ताई म्हटल्याचं अजून ऐकवते.

आज त्या फ्लॅटमध्ये कुणी दुसरंच राहतं. पाइप मी बसवलेलाच आहे. गळत नाही.

मंगळ., १३ जाने.

मीनलच्या वकीलबाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं. मीनल मध्ये बसून मराठीत सांगत होती, मला इंग्रजी कळत होतं तरी. बाईंचं म्हणणं असं : कागद सगळे ठीक आहेत. मेडिकल झालं, पोलिसांचा दाखला आहे. पण 'तुमच्या केसमध्ये' साहेब जरा डोळे वटारणार. मुलगी अमेरिकन नागरिक, फार्मासिस्ट, तिचं हे दुसरं लग्न. मुलगा एसीचा फोरमन. ओळख होऊन पाच महिन्यांत लग्न. म्हणजे मुलगा कशासाठी लग्न करतोय, असं कुणीही विचारणार.

तोंडावर बोलली, बरं झालं. गावात पाठीमागं बोलतात.

दोहातले सेल्फी चालतील, पण लग्नाचा विधी दिसणारा निदान एक चांगला फोटो हवाच, म्हणाल्या. मी म्हटलं, हात्तिच्या! फोटोंना काय तोटा? चारशेच्या वर आहेत.

बुध., १४ जाने.

संक्रांत. गुणाभाईंनी कुणाकडून तरी तिळगूळ आणला. संध्याकाळी तेच साहेब झाले, चष्मा नाकावर ओढून बसले. बायकोचा वाढदिवस? सांगितला. सासूचं नाव? सांगितलं. बायकोला काय आवडत नाही? म्हटलं, पावट्याची उसळ आणि मी फोनवर जांभई दिलेली. मग भाई एकदम खाली बघायला लागले. 'बायल खंयच्या कुशीर निजता?' मी म्हटलं, डाव्या. ते म्हणाले, 'ह्यो प्रश्न माका विचारूक लाज वाटता. पुढे जावया.' हसून हसून पोट दुखलं.

शुक्र., १६ जाने.

सुट्टी. लग्नाच्या अल्बमचे सगळे फोटो लॅपटॉपवर काढले आणि डोक्याला हात लावला.

सगळ्या फोटोंत टॉवेल! मामा टॉवेल घेतोय. आत्याचे मालक टोपी घालतायत. चुलते, चुलत चुलते, दूध डेअरीचे चेअरमन, सोसायटीचे सेक्रेटरी, शेजारच्या गावचे पोलीस पाटील, सगळे टोपी-टॉवेल-नारळ हातात घेऊन कॅमेऱ्याकडं बघतायत. आम्ही दोघं असलोच तर कडेला, पुतळ्यागत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोटोवाल्याला सकाळीच दम भरला होता : 'एकबी पाव्हणा सुटला न्हाई पायजे.' त्यानं एक सोडला नाही.

आणि मंगळसूत्र? त्याच वेळी सरपंच मांडवात शिरले. माइकवरनं हाक आली, 'फोटोवाले, इकडं या!' तो पळाला. व्हिडिओ बघावा तर त्याचा ड्रोन तेव्हा वर होता. दहा मिनिटं मांडवाचं छत. आवाज माइकवरचा जोडलाय, त्यामुळं वाजंत्री ऐकू येते, मंगलाष्टकं ऐकू येतात, दिसतं फक्त कापड.

मीनलला सांगितलं. आधी खदाखदा हसली. मग म्हणाली, 'दत्ता, पण खरंच एकही नाही?' मी चारशेच्या चारशे परत पहिल्यापासून बघितले.

अण्णांना फोन केला. गावात कुणाच्या मोबाइलमध्ये असेल तर बघा, म्हटलं. अण्णा अमेरिकेचा विषयच काढत नाहीत. अर्ज भरला तेव्हा एकदाच म्हणाले होते, 'बायकोच्या दारात जाऊन ऱ्हाणार?' त्यानंतर फोनवर फक्त ज्वारी, म्हैस आणि मोटारीची लाईट. आज मात्र भडकले. 'फोटूवरनं ठरतं व्हय लगीन? सारा गाव हुता मांडवात. एकेकाला टॉवेल दिलाय. इचार म्हणावं कुणालाबी!' आणि फोन ठेवला.

आता साहेब काय खटाव तालुक्यात येणार आहे विचारायला? माझाही पारा चढला होता. पण अण्णांपुढं काय बोलणार.

सोम., १९ जाने.

अण्णा फोन उचलत नाहीत. ताईला लावला. ती सासरहून दोन दिवस आलीय. म्हणाली, 'सकाळपासनं नाहीत घरी. काल आख्खी आळी फिरले. ज्याच्या त्याच्या घरात जाऊन म्हणतायत, आमच्या दत्तूच्या लग्नातला फोटो दाव.'

व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागलेत. पंगतीचे फोटो. जिलेबीचं ताट. कुणाचं तरी पोर मांडवात झोपलेलं. डेअरीच्या चेअरमनांचा सेल्फी, मागं स्टेज, स्टेजवर आमचे पाय.

गुरु., २२ जाने.

आला!

एका इमारतीच्या छतावर, मोठ्या एसीच्या चिलरपाशी होतो, वारा सुटलेला, फोन वाजला. अण्णांचा आवाजी मेसेज : 'दत्तू, वडूजला फोटूवाल्याकडं गेलतो. त्यानं कापला हुता फोटू, सरपंचाला मोठा करायला. म्हणलं, आख्खा काढ. बघ, मागं तूच हाईस.'

फोटो उघडला. पुढं सरपंच, फेटा, टॉवेल, नारळ, सगळं थाटात. मागं डाव्या कोपऱ्यात, जरा धूसर, मी वाकलोय. माझ्या हातात मंगळसूत्र आहे, ताईनं मीनलचे केस बाजूला धरलेत आणि मीनल मान खाली घालून हसतेय. मी जीभ बाहेर काढलीय, आकडा अडकत नव्हता म्हणून. एसीचा बारीक स्क्रू लावताना काढतो तश्शी. छतावर एकटाच हसत बसलो. मग डोळे भरले, कबूल करतो.

मीनलला पाठवला. तिचं उत्तर : 'हाच मोठा करून भिंतीवर लावायचा. सरपंचांसकट.'

वकीलबाई म्हणाल्या, फोटो फारसा स्पष्ट नाही, पण असू दे. टॉवेलवाले नेऊ नका, उगाच गोंधळ. बघू.

सोम., २६ जाने.

शर्टाला इस्त्री केली. फाइल तीनदा लावली. गुणाभाई उद्या शाळेची फेरी संपवून घ्यायला येणार.

मीनल बोलली. आईला पलंगावरनं उठवून खुर्चीत बसवताना आज तिच्या पाठीत चमक आली. पक्षाघाताचा झटका आल्यापासून आईचं सगळं तीच एकटी करते. मला म्हणाली नाही की लवकर ये. नेहमीसारखं विचारलं, जेवलास का, दाढी करशील ना. मीच म्हटलं, 'मीनल, उद्या त्यांनी नाही म्हटलं तर?' ती म्हणाली, 'तर मी नवीन अर्ज करीन, मूर्खा. झोप जा.'

मला तिच्याजवळ जायचंय. बास. इतकं साधं आहे, पण हे साहेबाला इंग्रजीत कसं सांगायचं?

टॉवेलवाले पंधरावीस फोटो फाइलमध्ये घातलेच. अण्णांनी एवढी पायपीट केली, घरी ठेवून जायला मन होईना.

मंगळ., २७ जाने.

झाली. जसं आठवतं तसं लिहून ठेवतो.

साहेब नव्हते, बाई होत्या. माझ्या आईच्या वयाच्या, चष्मा दोरीला. हात वर करून शपथ दिली. कुठं भेटलात? पाइपाचं सांगितलं. हसल्या नाहीत. पहिल्या लग्नाचं काय माहीत आहे? माहीत होतं ते सांगितलं. ती इकडं का राहत नाही? सासूबाईंचं सांगितलं. तिकडं काय करणार? म्हटलं, एसी. त्या म्हणाल्या, ओहायोत थंडी असते. म्हटलं, मॅडम, तेच मशीन उलटं चालवायचं. लिहून घेतलं. चेहरा तसाच.

मग फोटो. सरपंचांवर बोट ठेवून, 'हे कोण?' गावचे प्रमुख. 'तुम्ही कुठं आहात?' मी मागं बोट दाखवलं. त्यांनी फोटो चष्म्याजवळ नेला. बराच वेळ बघितला. मला घाम फुटला, एवढा एसी चालू असून.

मग टॉवेल काढले. एक, दोन, चार, दहा. 'ही सगळी माणसं टॉवेल का घेतायत?'

आता आलं! म्हटलं, 'मॅडम, हे माझ्या वडिलांचं काम. टॉवेल मिळाला तो माणूस जन्मभर सांगतो, मी त्या लग्नाला होतो. नाही मिळाला तो जन्मभर म्हणतो, मला कुठं बोलावलं होतं? म्हणून फोटोवाला तिकडं गुंतला होता. माझ्या वडिलांचं म्हणणं आहे की फोटोपेक्षा या माणसांना विचारा.'

त्या म्हणाल्या, 'कुणी सुटलं का?'

म्हटलं, 'एक चुलत मामा. अजून आमच्याशी बोलत नाहीत.'

तेव्हा हसल्या. खरंच हसल्या, शेजारच्या खिडकीतल्यानं वळून बघितलं. मग परत गंभीर. पासपोर्ट ठेवून घेतला, एक कागद दिला. आणखी थोडी तपासणी बाकी आहे, कळवू. किती दिवस? सांगता येत नाही. खलास.

बाहेर गुणाभाई बस घेऊनच उभे, रिकामी. 'ठेवन घेतल्यानी म्हणजे बरा असता,' म्हणाले. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. अख्ख्या बसमध्ये मी एकटा, पुढच्या सीटवर, शाळकरी पोरासारखा.

मीनलला सगळं सांगितलं. तिनं मामांचं दोनदा सांगायला लावलं.

शुक्र., ३० जाने.

काही नाही. वेबसाइटवर तेच ते. गुणाभाईंनी माशांचं तिखलं केलं, दोघं जेवून उम्म सलालला नर्सरीत गेलो, त्यांना कढीपत्त्याचं रोप हवं होतं. मी गेल्यावर खोलीत सोबत हवी, म्हणाले. म्हटलं, अजून कुठं गेलोय? तर म्हणाले, 'रोप वाढूक येळ लागता.'

अण्णांना मुलाखतीचं सांगितलं, टॉवेलचं सगळं. तिकडनं नुसतं 'हं'. मग म्हणाले, म्हैस व्यायला झालीय.

शुक्र., ६ फेब्रु.

अजून काही नाही. मीनल म्हणते धीर धर, आणि स्वतः दिवसातनं दहा वेळा बघते. काल पकडली तिला.

दुपारी अण्णांचा फोन. आपणहून. ज्वारी नाही, म्हैस नाही. एकदम म्हणाले, 'दत्तू, मीनलच्या गावात माणसं किती?'

म्हटलं, 'कसली माणसं?'

'आरं, तिच्या आईकडची. शेजारपाजारची. त्या दुकानातली. लग्नाला आठच जणं आली हुती की तिच्याकडची. बाकीच्यास्नी कोण देणार?' मग लगेच पुढं म्हणाले, 'मोकळ्या हातानं जायचं न्हाई. सासरी निघालायस. इहिणीला लुगडं घेतलंय, ताईनं रंग बघितलाय. टॉवेल-टोप्या दोन डझन बांधल्यात. खालच्या आळीचा पोपट परवा दोह्याला येतोय, त्याच्याबरूबर धाडतोय. आन् कुणाला सोडू नगंस.'

म्हटलं, 'अण्णा, व्हिसा अजून आला नाही.'

'यील की,' म्हणाले. 'तवर टॉवेल काय खायला मागत्यात?'

फोन ठेवल्यावर मीनलला उठवलं. तिकडं पहाट होती. ऐकून आधी हसली. मग म्हणाली, 'दुकानातले सगळे धरून मी यादी करते.'

रविवारी संध्याकाळी पोपटला घ्यायला विमानतळावर जायचंय. गुणाभाईंना गाडीचं सांगून ठेवलं.