काळ्या भिंतीच्या वरच्या अंगाचे पाणी

मी, धुरपदाबाई सुकलाल अहिरराव, वय ७१, राहणार बमरोली, सुरत, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बमरोलीची खोली, भांडीकुंडी व शिलाई मशीन मुलगा वाल्मिक याला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याने मला दोन महिने हाताला धरून चालवले.

२. साक्री तालुक्यातील मौजे काळदरे येथील माझी दोन एकर जमीन, विहिरीसह, मुलगी जयश्री हिला. पती वारल्यावर वाटणीत दीर भटू यांनी डोंगराखालचा हा तुकडा मला दिला. त्याच्या मधून काळ्या दगडाची आडवी भिंत गेली आहे. "वहिनी, हाऊ वाटा तुले. आठे गवतबी उगत नही," असे म्हणून ते पंचांसमोर हसले. मी सुरतेला साड्यांवर टिकल्या लावत राहिले.

जयश्री भूशास्त्र शिकली. एका मे महिन्यात ती हातोडी घेऊन भिंतीच्या कडेकडेने फिरली. म्हणाली, "आई, ही भिंत कोणी बांधलेली नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेग पडली, लाव्हा वर आला आणि भेगेतच थिजला. डोंगरातून मुरणारं पाणी हिच्यापाशी अडत असणार. वरच्या अंगाचा उंबर बघ, किती हिरवा आहे!" गाव पिढ्यान्‌पिढ्या खालच्या अंगाला खणत होते. मी पाटल्या मोडल्या आणि वर खणायला लावले. चौतिसाव्या फुटावर मजूर ओरडला, "माय, पानी लागनं!" तेव्हा काठावर उभी राहून मी इतकी मोठ्याने हसले की पंचांच्या ओट्यापर्यंत ऐकू गेले.

३. भिंत कोणीही फोडू नये. दिरांनी खडीवाल्याला आणले, तेव्हा मी तीन दिवस भिंतीवर बसून राहिले. चौथ्या दिवशी पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. ग्रामसभेला ठराव करावाच लागला. त्याची नक्कल ट्रंकेत आहे.

४. अस्थी सुरतेलाच तापीत सोडाव्यात. जयश्री सांगते, तापीचे खोरेही जमिनीच्या जुन्या भेगांवरच बसले आहे. मग मला परके वाटायचे कारण नाही.

५. विहिरीचे पाणी साऱ्या गावाला. त्यात दीर भटू व त्यांची मुलेही आली. त्यांना कोणी अडवू नये. मात्र त्यांच्या दारापर्यंत नळ नेऊ नये. त्यांनी भिंत चढून यावे आणि पोहरा स्वतः ओढावा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. पाचवे कलम मी पुन्हा एकदा वाचायला लावले आणि सही केली.

धुरपदाबाई सुकलाल अहिरराव

साक्षीदार:
१. गजेंद्र काशिनाथ देवरे, भेस्तान
२. छाया वसंत बच्छाव, बमरोली

सुरत, दि. १४ फेब्रुवारी २०२५