चित्त्याचं पिल्लू कुणाच्या पोटात?

केडगाव, शनिवार, १५ मार्च १९९७

अजून डोकं शांत होत नाही. कॉलेजात आज पुण्याच्या पाहुण्यांचं व्याख्यान होतं. त्या क्लोन केलेल्या मेंढीची बातमी सांगून ते म्हणाले, "आपल्याकडे नामशेष झालेला चित्ताही उद्या असाच परत आणू." टाळ्या पडल्या. मी प्राणिशास्त्र शिकवते, मला गप्प बसवेना. उठून विचारलं, "सर, ते पिल्लू कुणाच्या पोटात वाढवणार?"

"बिबट्याची मादी घेऊ की," ते हसत म्हणाले.

"आणि एक जगेपर्यंत किती मरतील? तिच्या हालांचं काय?"

बाहेर आल्यावर प्राचार्यांनी सुनावलं, "मॅडम, पाहुण्यांचा अपमान केलात. सोमवारी लेखी माफीनामा द्या."

माफी? कशाची? मी विज्ञानाच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. पण ती मादी डोळ्यांपुढून हलत नाही. आणि आपल्या माळावर आज जी हरणं जिवंत आहेत, त्यांच्या कुरणात प्लॉट पडताहेत, त्यावर सभागृहात कुणी चकार शब्द काढला नाही.

ह्यांनी सुचवलं, "दोन ओळी खरडून दे, विषय संपेल."

विषय संपवायचाच नाहीये मला. सोमवारी रिकाम्या हातांनी जाणार.